बारावी प्रत

सोमवार, ६ फेब्रुवारी

गळ्यात घोंगडं पडलं. तेही गोष्टींचं!

सकाळी ग्रंथपालबाईंनी वर बोलावलं. मला वाटलं, पुस्तकं दाबायच्या शिकंज्याचा दांडा ढिला झालाय म्हणून दोन महिन्यांपूर्वी दिलेला अर्ज एकदाचा त्यांना सापडला असेल. कसलं काय. मुलांच्या खोलीतल्या ताई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, तर दर शनिवारचा गोष्टीचा तास मी घ्यायचा म्हणे. का? तर शनिवारी चार वाजता बाकी सगळे काउंटरवर अडकलेले असतात आणि मी एकटा खाली तळघरात मोकळा असतो. मोकळा! एकतीस वर्षं या वाचनालयाची फाटकी पुस्तकं शिवतोय आणि शेवटी ठरलो मोकळा.

म्हटलं, "बाई, मी पुस्तकं शिवतो. वाचत नाही."

"मग आता वाचा," बाई म्हणाल्या, आणि एक कार्ड हातात दिलं. त्यावर ताईंच्या अक्षरात तीन प्रश्न. असं तुझ्या घरी कधी झालं? असं दुसऱ्या कुठल्या गोष्टीत होतं? असं बाहेर, जगात कुठे दिसतं? "नुसती गोष्ट वाचून उठायचं नाही. मुलांना ती आपल्या आयुष्याशी जोडता आली पाहिजे."

जोडण्याचं मला सांगतात!

घरी हिला सांगितलं तर हसता हसता हिला ठसका लागला. "अहो, तुम्ही गोष्ट वाचणार? वीज बंद राहणार असल्याची नोटीस वाचावी तसं वाचाल." वर म्हणते, पोरं घाबरली तर पाणी प्यायला द्या.

शनिवार, ११ फेब्रुवारी

झाला पहिला तास. चौदा मुलं. सात ते दहा वर्षांची. सतरंजीवर बसतात म्हणजे काय, सांडलेली असतात.

गोष्ट होती हरवलेल्या कुत्र्याची. शेवटी कुत्रा सापडतो. नोटिशीसारखीच वाचली, हिने पैजच लावायला हवी होती. मग कार्ड काढून पहिला प्रश्न विचारला. असं तुझ्या घरी कधी झालं? चौदा हात वर. पुढचे दोन दात पडलेला एक — त्याचं नाव मी मनात दातपड्या ठेवलंय — म्हणाला, आमच्याकडे कुत्रा नाही पण आजी हरवली होती, भाजीबाजारात. एक जण मध्येच उभा राहिला. "पण काका, कुत्र्याला घर माहीत होतं तर तो हरवला असं कसं म्हणता येईल?" हा वकील. याच्यापासून सांभाळून राहायला हवं.

दाराजवळ एक मुलगी बसली होती. आठेक वर्षांची, दोन घट्ट वेण्या, तोंड अर्धं बाहेर. तिने हात वर केला नाही म्हणून मीच विचारलं. "तुला काय वाटतं? सापडला की नाही कुत्रा?"

"असं नसतं," ती म्हणाली.

बस. एवढंच. मी विचारलं, म्हणजे कसं नसतं? तिने खांदे उडवले. सगळी मुलं तिच्याकडे बघायला लागली, म्हणून मी पुढे गेलो.

रविवार, १२ फेब्रुवारी

तीन वाजता नेहमीप्रमाणे फिरायला बाहेर पडलो. तीन वाजता ही मुलाला फोन लावते. मी घरात नसलो की दोघांना बरं पडतं. मलाही.

सात वर्षं झाली त्याला जाऊन. दुसऱ्या शहरात बेकरीत आहे, एवढं कळतं. ही सांगत नाही, मी विचारत नाही, पण भिंतींना कान असतात तसे मलाही आहेत.

या वहीत ते कधी लिहिलं नव्हतं. लिहून टाकतो. तो तेव्हा माझ्याच हाताखाली होता, तळघरात. हात चांगला होता त्याचा, माझ्यापेक्षा हलका. एकदा मुलांच्या एका पुस्तकाच्या बारा प्रती शिवायला आल्या. निळं कापड. आम्ही खाली पुस्तकांना नावाने ओळखत नाही. लाल चाळीस, हिरवी सहा — तशी ती 'निळी बारा'. ते काम मी त्याला दिलं. महिन्याभरात वरून बोभाटा झाला, पुस्तकाची पानं मागेपुढे! जुज चुकलेले. जुज म्हणजे सोळा पानांची एक घडी. अशा घड्या एकावर एक शिवल्या की पुस्तक होतं. मुलांच्या चित्रांच्या पुस्तकाला पानांचे आकडे नसतात, तिथेच मेख असते. तेव्हाचे ग्रंथपाल स्वतः खाली आले. माझ्या नावाला पहिल्यांदा बट्टा लागला. मी सगळ्यांसमोर त्याला म्हणालो, "हात शिवतायत आणि डोळे गावभर." आणखीही बरंच म्हणालो. अकरा प्रती परत आल्या होत्या, त्या पुन्हा उसवून शिवायला लावल्या. दोन दिवसांत शिवून टेबलावर ठेवल्या त्याने. चकार शब्द नाही. पुढच्या आठवड्यात गेला.

ही म्हणायची, नुकताच तापातून उठला होता तो, चुकला असेल. मी म्हणायचो, ताप काय डोळ्यांत गेला होता?

शनिवार, १८ फेब्रुवारी

आज जरा जमलं. गोष्ट आधी घरी वाचून गेलो. हिने ऐकली आणि दोन ठिकाणी आवाज खाली आणायला लावला.

मुलांचं डोकं कसं चालतं, बघण्यासारखं आहे. गोष्टीतली म्हातारी शेजाऱ्याला शिडी देत नाही. दातपड्या म्हणाला, आमच्या वरच्या मजल्यावरचे काका लिफ्ट अडवून ठेवतात, ते म्हणजे ही म्हातारीच. दुसरी एक म्हणाली, मागच्या महिन्यातल्या गोष्टीतला राजा पण असाच होता, त्याच्याकडे विहीर होती. वकील म्हणाला, मोठे देश पण असंच करतात, बातम्यांत असतं. मी आपला कार्ड हातात धरून बसलो होतो. एकच गोष्ट, आणि तिचा एक टाका घरात, एक दुसऱ्या पुस्तकात, एक पार जगाच्या टोकाला. जुज पण तीन ठिकाणीच टोचतात, तरच घट्ट बसतात. बाई म्हणतात ते खोटं नाही.

शेवटी म्हातारी शिडी देते, सगळं गोड होतं. मी दाराकडे बघितलं.

"असं नसतं," नसतंबाई म्हणाल्या.

तिला न्यायला आजोबा येतात. शिंपी आहेत, बाहीवर टाचण्या टोचलेल्या. मी त्यांना विचारलं, ही नेहमी असंच म्हणते का? "घरीपण," ते म्हणाले. "तिच्या बोलण्याचा राग मानू नका. मध्ये घरात जरा झालं." काय झालं ते सांगितलं नाही. माझ्या बोटांवरचे सुईचे घट्टे बघून मात्र म्हणाले, "तुम्हीपण आमच्यातलेच की."

मंगळवार, २१ फेब्रुवारी

दिवसभर चिकटवायची खळ नीट शिजेना. पातळ, नाहीतर गुठळ्या. बाकी काही नाही.

शनिवार, २५ फेब्रुवारी

आजचं नीट लिहायला हवं.

गुरुवारपासून कोशांचा गठ्ठा अंगावर पडलेला, त्यामुळे गोष्ट आधी वाचायला वेळ झाला नाही. चारला पाच मिनिटं असताना वर पळालो आणि ताईंच्या कपाटातून, अगदी खालच्या कप्प्यातून, हाताला येईल ते पुस्तक ओढलं. निळं. चित्रांचं. एका पानावर दोन-चार ओळी. घोडी आणि तिचं शिंगरू. (शिंगरू म्हणजे काय, यावरच पाच मिनिटं गेली.)

शिंगराला कुंपणाबाहेर जायचं असतं. आई नको म्हणते. ते रागावतं, कुंपणावरून उडी मारतं आणि जातं. इथवर ठीक. पान उलटलं तर शिंगरू परत! आई कुंपणाशी उभी, त्याच्या मानेवर मान टाकते, दोघं गवत खातात. मला वाटलं, भलतंच छोटं पुस्तक. पण अजून निम्मी पानं हातात. उलटलं. तर शिंगरू एकटं, पुलावर. मग रान. मग डोंगर. शेवटच्या पानावर ते डोंगरावर उभं, खाली लांब घरांचे दिवे. संपलं!

वाचता वाचताच माझ्या लक्षात आलं. माणूस एकतीस वर्षं जुज शिवतो, त्याला कळायला किती वेळ लागतो? शेवटचा जुज दुसऱ्या जागी शिवलेला. मुलांचा तर नुसता गलका. "काका, उलटं वाचलं!" "काका, पान चिकटलंय!" वकील उठून पुस्तक तपासायलाच आला. मी म्हणणार होतो, पुस्तक चुकलंय, थांबा, बरोबर क्रमाने वाचतो.

तेवढ्यात दारातून आवाज आला. "असं असतं."

नसतंबाई उठून उभी राहिली होती. तोंड आत, आमच्याकडे.

"काय असतं गं?" मी विचारलं.

"आधी येतो. मग जातो." ती पुस्तकाकडे बघत बोलत होती. "माझा दादा बाबांशी भांडून गेला. मग परत आला. आईने त्याला जवळ घेतलं. मला वाटलं, संपलं. आठ दिवस होता. मग परत गेला. गोष्टीत परत आला की गोष्ट संपते. आमच्याकडे संपली नाही."

मी कार्ड बघितलं. दातपड्याने तिला विचारलं, दादा आता कुठे आहे? डोंगरावर का? ती म्हणाली, बहुतेक. मग सरकून सतरंजीवर आली आणि शेवटचं पान मांडीवर घेऊन बसली, तास संपेपर्यंत. दिवे मोजत होती.

मी क्रम सांगितला नाही. आजवर चुकलेलं काम झाकून ठेवायची वेळ माझ्यावर आली नव्हती, ती आज आली. आणि वाईट वाटलं नाही.

रविवार, २६ फेब्रुवारी

कालपासून मनात होतं, म्हणून सकाळीच घरी आणलेल्या पुस्तकाची पहिली पाटी, म्हणजे पुढचा पुठ्ठा, आतून बघितली. शिक्का, आणि खाली: प्रत १२.

निळी बारा! अकरा परत आल्या होत्या, बारावी हरवली म्हणून नोंद होती. ती सात वर्षं ताईंच्या कपाटात खालच्या कप्प्यात पडून. नाव वाचून ओळखायला हवं होतं, पण नावं लक्षात कोण ठेवतो?

तर हे त्याचं काम. ज्याच्यापायी घर मोडलं ते. हातात घेऊन बसलो. जुना राग वर आला, हो, आला. पण ती पोरगी दिवे मोजत होती तेही आठवलं, आणि राग धड टिकेना.

आणि आणखी एक. आधी येतो, मग जातो. आमचाही आला होता. तीन वर्षांपूर्वी, सांगितल्याशिवाय, पाठीला पिशवी. चार दिवस राहिला. हिने त्याचे सगळे शर्ट धुऊन काढले, स्वच्छ होते तेसुद्धा. पाचव्या दिवशी तो म्हणाला, जातो. मी म्हणालो, "हे घर आहे, धर्मशाळा नाही." म्हणायचं होतं, राहा. निघालं हे. हिने त्यानंतर महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. बरोबरच होतं.

गुरुवार, २ मार्च

वकिलाच्या आईने तक्रार केली. मुलांना चुकीची पुस्तकं वाचून दाखवतात! वकील घरी जाऊन सगळा खटला सांगत बसला असणार.

बाई खाली आल्या. आवाज चढवला नाही, पण चष्मा काढून टेबलावर ठेवला, म्हणजे प्रकरण गंभीर. "दुरुस्त करा, नाहीतर रद्द करा. पुढच्या शनिवारनंतरच्या शनिवारी मी स्वतः येऊन बसेन. तुम्हाला झेपत नसेल तर तसं सांगा, तास बंद ठेवू ताई येईपर्यंत."

महिन्यापूर्वी हेच ऐकून पेढे वाटले असते. आज म्हटलं, "झेपतं, बाई."

शनिवार, ४ मार्च

नसतंबाई आज अर्धा तास आधी आल्या. आजोबांना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि थेट माझ्यापाशी.

"काका, ते पुस्तक दुरुस्त करणार?"

"करायला हवं."

"मग ते परत चुकीचं होईल."

मी तिला जुज कसा असतो ते दाखवलं, घडी, टोच, दोरा. म्हटलं, बघ, हा परत येण्याचा जुज. तो उसवायचा आणि शेवटी शिवायचा. तिने बोटाने शिवण चाचपली. शिंप्याची नात, चाचपणारच.

"इथे पण राहू दे आणि शेवटी पण लावा. दोनदा."

"पानं एकदाच असतात ना गं. दोनदा कुठून आणू?"

"मग राहू दे." आणि गेली सतरंजीवर. रडली वगैरे नाही. नेहमीसारखं तोंड दाराकडे करून बसली. गेल्या वेळी आत आलेलं तोंड पुन्हा बाहेर. माझा आजचा तास तिथेच पडला, बाकी तेरा जणांनी कितीही हात वर केले तरी.

जाताना आजोबांनी हळू आवाजात सांगितलं. घरी तिच्याशी दादाचं कोणी बोलत नाही, तिला त्रास नको म्हणून. तिने आपणहून त्याचं नाव काढलं ते त्या शनिवारी, तुमच्याकडे. रात्री जेवताना आईलाही ती पुलाची आणि डोंगराची गोष्ट सांगत होती.

मंगळवार, ७ मार्च

सुचलं! चहा गाळताना सुचलं, आणि अर्धा चहा ओट्यावर.

निळ्या बारापैकी दहा प्रती झिजून गेल्या, पण एक रद्द झालेल्यांच्या गठ्ठ्यात अजून पडलेली आहे. प्रत ७. पुढची पानं भिजलेली, कुरतडलेली, पण मागची नव्यासारखी करकरीत. ती आमच्या मुलाने दुसऱ्यांदा शिवलेली, बरोबर क्रमाची. म्हणजे तिचा शेवटचा जुज म्हणजे परत येण्याचाच! तो काढायचा आणि बारावीच्या शेवटी लावायचा. झालं दोनदा.

रीतसर विचारलं बाईंना, रद्द प्रत घरी नेऊ का? त्या फोनवर होत्या, हाताने न्या म्हणाल्या.

जेवणानंतर टेबलावर कागद पसरून बसलो. प्रत ७ मागून उघडली, शेवटचा जुज अलगद सोडवला. काय शिवलंय पोराने! गाठ शोधावी लागली. हे बोललो नाही कधी त्याला. मग बारावीची मागची पाटी ओली करून उचलली, दोऱ्याला मेण लावलं, जुज चढवला. पाठ सगळी उसवायची गरजच पडली नाही. ही समोर बसून बघत होती. म्हणाली, "इतक्या मायेने आजवर कुठल्या पुस्तकाला हात लावताना बघितलं नाही तुम्हाला." मी म्हटलं, खळ जरा इकडे सरकव.

शनिवार, ११ मार्च

बाई आल्या. मागे खुर्ची टाकून, वही घेऊन. मुलं त्यांच्यामुळे पहिली दोन मिनिटं सरळ बसली, तेवढाच फायदा.

वाचलं. शिंगरू गेलं. आलं. परत गेलं, पूल, रान, डोंगर, दिवे. इथे थांबलो जरा. मग पान उलटलं. आई कुंपणाशी उभी. मानेवर मान.

बाईंनी भुवया उचलल्या. "ही पानं दोनदा?"

मी म्हटलं, मुलांना विचारा. वकील तयारच होता. "एकदा परत आला म्हणजे कायमचा आला, असं कुठे लिहिलंय?" आईची तक्रार पोराने स्वतःच फेटाळली! बाईंनी वहीत काही लिहिलं नाही.

मग तीन प्रश्न. आता मला कार्ड लागत नाही. दातपड्या म्हणाला, आमच्या इमारतीचे वॉचमनकाका लांबून आलेत, वर्षात एकदा घरी जातात, म्हणजे ते शिंगरू, आणि त्यांच्या घरी कोणीतरी कुंपणाशी उभं असेल. कोणी म्हणालं, बातम्यांत माणसं बोटीतून येतात, तीपण. बराच वेळ बोलले त्यावर, शांतपणे. एकाने विचारलं, त्यांना परत जाता येतं का? मी सांगितलं, सगळ्यांना नाही.

मग एक छोटी म्हणाली, "पण शिंगराचे बाबा कुठे आहेत? एकाही चित्रात नाहीत."

"फिरायला गेले असतील," वकील म्हणाला.

मुलं हसली. बाईसुद्धा हसल्या. मी पुस्तक मिटलं आणि उगाच कापडावरून हात फिरवत बसलो.

उठायच्या वेळी नसतंबाईला विचारलं, भीतभीतच. "काय, असं असतं का?"

तिने विचार केला. "माहीत नाही. अजून झालं नाही." आणि पुस्तक घरी न्यायला मागितलं.

बाईंनी स्वतः नोंद केली. शेरा काय लिहू, म्हणाल्या. मी म्हटलं, "वाढीव जुज." लिहिलं त्यांनी. जाता जाता म्हणाल्या, ताई आल्यावरही महिन्यातला एक शनिवार तुम्ही घ्या. कानाला खडा लावायच्या ऐवजी हो म्हणून बसलो.

रविवार, १२ मार्च

सकाळी ही म्हणाली, टेबलावरचा तो सांगाडा उचला आता. प्रत ७. रद्दीत टाकण्याआधी पाठीचं कापड सोलून घ्यावं, चिंधी कामाला येते, म्हणून सोललं.

आम्ही शिवणारे पहिल्या जुजाच्या पाठीवर, अस्तराच्या आत, शिसपेनने आपली खूण करतो. पुस्तक उसवल्याशिवाय ती कोणाला दिसत नाही. त्याची खूण वर्तुळ. माझी दोन रेघा.

वर्तुळ होतं. असणारच, दुसऱ्यांदा त्यानेच शिवलं होतं. वर्तुळाच्या वरती, जुन्या खळीखाली, दोन रेघा.

तो दोन दिवस तापाने पडला होता. त्या दोन दिवसांत निळ्या बाराचा अख्खा गठ्ठा मीच शिवून संपवला होता. मी! चष्मा तेव्हा नव्हता माझ्याकडे, लागत नाही म्हणायचो. चोराच्या उलट्या बोंबा.

आणि त्याने बघितलं होतं. अकराही वेळा उसवताना बघितलं, खाली आपलं वर्तुळ काढलं आणि पुस्तकं टेबलावर ठेवली. सगळे समोर होते. बोलला असता तर माझी मान खाली गेली असती, म्हणून बोलला नाही. सात वर्षं नाही. चार दिवस घरी होता तेव्हाही नाही.

तीन वाजले. हिने फोन हातात घेतला आणि माझ्या चपलांकडे बघितलं. मी बसूनच राहिलो. म्हटलं, "आण इकडे. मी लावतो."